‘सूचना पाळत नाही’ हा शेरा काढून टाका: बालवर्गांच्या संचालकांना आणि मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
बालवर्ग चालवणाऱ्या सर्व संस्थांचे संचालक, मुख्याध्यापिका आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या प्रगतिपत्रकात एक शेरा हमखास आढळतो: ‘सूचना पाळत नाही’. कुठे तो ‘ऐकत नाही’ असतो, कुठे ‘लक्ष देत नाही’, तर कुठे नुसताच एक चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण पडलेली नसते. हा शेरा आपण आपापल्या संस्थेच्या प्रगतिपत्रकातून काढून टाकावा, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी बालवर्गाला शिकवते. पालकसभेत हा शेरा वाचणाऱ्या आईवडिलांचे चेहरे मी पाहिले आहेत. काही जण तिथल्या तिथे मुलाकडे वळून डोळे वटारतात, काही घरी गेल्यावर समज देतात. आपले नेमके काय चुकले, हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, कारण शेऱ्यात ते लिहिलेलेच नसते. सूचना कोणी दिली, किती लांबून दिली, एका दमात किती गोष्टी सांगितल्या, तेव्हा वर्गात किती गोंगाट होता, मूल कशात गुंतले होते, यातले काहीही त्या दोन-तीन शब्दांत नाही. सांगणारा एक आणि ऐकणारा एक, अशा दोघांमध्ये घडलेल्या गोष्टीचा सगळा दोष एकाच्याच नावावर चढतो, आणि तोही दोघांतल्या लहानाच्या.

‘ठोकळे ठेव आणि इकडे ये’ हे वाक्य आपल्याला किरकोळ वाटते. मुलाकडून ते काय काय मागते ते पाहा. आवाज कानापर्यंत पोहोचायला हवा. तो आपल्यालाच उद्देशून आहे हे कळायला हवे. शब्दांचा अर्थ लागायला हवा. रंगात आलेले काम अर्ध्यावर सोडता यायला हवे. सांगितलेले दोन्ही भाग क्रमाने लक्षात राहायला हवेत. आणि खोली ओलांडून येताना वाटेत दिसलेल्या दुसऱ्या खेळण्याकडे धावणारे मन आवरता यायला हवे. लक्षात धरून ठेवणे, स्वतःला आवरणे, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे या क्षमता मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असतात, आणि त्या भागाची वाढ पुरी व्हायला विशीचा मध्य उजाडतो. तीन ते पाच या वयात या क्षमता झपाट्याने वाढतात हे खरे, पण त्यांची नुकती कुठे सुरुवात झालेली असते.

साधारण दीड वर्षाचे मूल हाताने खूण न करता दिलेली एका टप्प्याची सूचना पाळू लागते, जसे ‘ते मला दे’. अडीच वर्षांच्या आसपास ‘खेळणे खाली ठेव आणि दार लाव’ असे दोन टप्पे जमू लागतात. आता आपल्या वर्गांतली रोजची सूचना आठवा: ‘चला, खेळणी जागेवर ठेवा, हात धुऊन या, आपापल्या जागेवर बसा, शेजाऱ्याला ढकलू नका आणि वही काढा.’ पाच गोष्टी, त्यातली एक नकारार्थी, आणि त्याही वीस-पंचवीस मुलांना एकदम. काही मुले पहिली गोष्ट करतात आणि पुढे काय ते विसरून उभी राहतात. काहींच्या कानात फक्त शेवटचे शब्द राहतात, म्हणून खेळणी तशीच टाकून ती वही शोधू लागतात. एखादे मूल हातात खेळणे घेऊनच हात धुवायला जाते. या सगळ्यांनी आपापल्या परीने ऐकलेलेच असते. शिक्षिकेने एक गोष्ट सांगून ती होऊ दिली असती आणि मग दुसरी सांगितली असती, तर यातल्या बहुतेकांना काहीच अडचण आली नसती.

थांबण्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त शिक्षा मुलांना ‘थांब म्हटल्यावर थांबला नाही’ यासाठीच होतात. १९५०च्या दशकात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी लहान मुलांच्या हातात दाबायचा रबरी फुगा देऊन काही प्रयोग केले. एक दिवा लागला की फुगा दाबायचा आणि दुसरा लागला की दाबायचा नाही, एवढाच नियम होता. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना नियम समजत असे, काही जण तो बोलूनही दाखवत, तरी ‘दाबू नकोस’चा दिवा लागला की हात दाबला जाई. या प्रयोगांच्या तपशिलांवर पुढे बरेच वाद झाले. पण एखादी कृती सुरू करण्यापेक्षा हातून निघालेली कृती रोखणे लहान मुलांना फार अवघड जाते, हे नंतरच्या अभ्यासांतूनही दिसत राहिले. म्हणून ‘पळू नका’ ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला आधी पळण्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते, मग ते पुसावे लागते, आणि त्याऐवजी काय करायचे ते स्वतःच शोधावे लागते. ‘भिंतीला हात लावून हळू चाला’ म्हटले की हे सगळे काम आपण त्याच्यासाठी केलेले असते.

ग्राझिना कोहान्स्का या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा वयाच्या १४ महिन्यांपासून ४५ महिन्यांपर्यंत मागोवा घेतला. त्यात एक वेगळी गोष्ट पुढे आली. ‘या आकर्षक खेळण्याला हात लावायचा नाही’ हे मुलांना तुलनेने लवकर जमत गेले. ‘हा सगळा पसारा आवर’ हे मात्र प्रत्येक वयात त्याहून अवघड राहिले. हे लुरियांच्या विरुद्ध जाते असे वाटेल, पण तसे नाही. हात लावायचा नाही हा एक स्थिर नियम असतो. समोर मोठे माणूस असले की तो पाळता येतो. पसारा आवरणे हे लांबलचक, कंटाळवाणे काम असते. त्यात पुन्हा पुन्हा स्वतःला ढकलावे लागते, आणि हातात आलेले प्रत्येक खेळणे खेळायला बोलावत असते. आपण प्रगतिपत्रकात ‘वस्तू जागेवर ठेवतो’ हा निकष सर्वांत सोपा समजून सर्वांत वर लिहितो, पण या वयातल्या सर्वांत अवघड अपेक्षांपैकी ती एक आहे. ती पुरी व्हावी असे वाटत असेल तर मोठ्या माणसाने खाली बसून पहिले चार ठोकळे स्वतः उचलावेत. ‘लाल तू गोळा कर, निळे मी करते’ असे काम वाटून घ्यावे. पेटी कोणती, कुठली वस्तू कुठे, हे चित्र चिकटवून दाखवावे. नुसते ‘आवरा’ म्हणून टेबलाशी बसून राहणे पुरत नाही.

आता कानांकडे वळते. माझ्या मते आपल्या संस्थांनी सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे केले आहे. बोलणे सुरू असताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवले होते. साधे संभाषण साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे पंखा, शेजारचा वर्ग, खुर्च्यांची ओढाताण, बाहेरचा रस्ता हे सगळे मिळून कुजबुजीच्या जवळपासच राहायला हवे. आपल्यातल्या किती वर्गांत असे असते, हे आपण जाणताच. आपण मोठी माणसे गोंगाटात अर्धवट ऐकू आलेले वाक्य अनुभवाने पुरे करतो. लहान मुलांकडे तेवढा शब्दसंग्रह नसतो, आणि गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता तर किशोरवयापर्यंत वाढत राहते. ज्या आवाजात शिक्षिकेला स्वतःचे शब्द स्पष्ट ऐकू येतात, त्याच आवाजात मागच्या ओळीतल्या मुलाला त्यांची नुसती लय ऐकू येत असते. पडदे, सतरंज्या, खुर्च्यांच्या पायांना रबर, भिंतीवर कापडी फलक यांना फार खर्च येत नाही. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत मात्र प्रत्येक आवाज घुमत राहतो.

यातच कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचा त्रास असतो. सर्दीनंतर तो होतो, बहुधा दुखत नाही, ताप नसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक मुलांना शाळेच्या वयाआधी एकदा तरी तो होऊन जातो आणि बऱ्याचदा तीनेक महिन्यांत आपोआप बरा होतो. तेवढ्या काळात ऐकू येणे साधारण २५ डेसिबलने कमी होऊ शकते, म्हणजे कानात बोटे घालून ऐकल्यासारखे. आणि हे रोज सारखे नसते. सोमवारी नीट ऐकणारे मूल गुरुवारी हाकेला ओ देत नाही, मग ‘याला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते’ असा निष्कर्ष निघतो. जे मूल सूचना झाल्यावर आधी इतरांकडे पाहते आणि क्षणभर उशिरा तेच करते, जे मान एका बाजूला करून ऐकते, जे वारंवार ‘काय?’ विचारते, मोठ्याने बोलते किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नाही, त्याच्याविषयी कोणताही शेरा लिहिण्याआधी त्याच्या कानांची तपासणी झाली पाहिजे. प्रवेशाच्या वेळी आपण इतके कागद मागतो, त्यात श्रवणचाचणीचीही सोय करून द्या. प्रत्येक कुटुंबाला ती स्वतः करून आणणे जमत नाही.

कान चांगले असले तरी लक्ष कुठे आहे हा प्रश्न राहतोच. खेळात बुडालेले मूल हाक ऐकून न ऐकल्यासारखे करते असे आपल्याला वाटते. नीली लावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोड्या मोठ्या, शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसले, की हातातले काम जरा अवघड झाले तरी त्याच्या बाहेरच्या गोष्टी मुलांना दिसेनाशा होतात, आणि हे मोठ्यांपेक्षा बरेच लवकर घडते. त्याहून लहान मुलांकडून आपण जास्त अपेक्षा ठेवू नये. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून उपयोग होत नाही. जवळ जावे, मुलाच्या उंचीला यावे, नाव घ्यावे, ते करत असलेल्या गोष्टीविषयी एक शब्द बोलावा आणि मग सूचना द्यावी. ‘उंच झालाय की मनोरा! एवढा शेवटचा ठोकळा लाव, मग हात धुवायला जाऊ.’ ‘आधी हे, मग ते’ हे मुलांना कळते. ‘पाच मिनिटांत’ हे कळत नाही, कारण मिनिट किती लांब असते याचा अंदाजच या वयात नसतो.

एक विनंती. ‘माझ्याकडे बघ’ हा हट्ट प्रत्येक मुलाबाबत धरू नये. काही मुले, विशेषतः स्वमग्न मुले, नजर दुसरीकडे असताना जास्त चांगले ऐकतात. नजरेला नजर मिळवण्यातच त्यांची सगळी शक्ती खर्ची पडते.

सूचना दिल्यावर वाट पाहावी लागते. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे अमेरिकेतील मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण करून १९७०च्या दशकात दाखवले. हे थांबणे तीन सेकंदांवर नेले तर उत्तरे लांब आणि चांगली येतात, गप्प मुलेही बोलू लागतात, असेही त्यांना आढळले. तो अभ्यास प्रश्नांचा होता, पण सूचनांच्या बाबतीतही पालकांना प्रशिक्षण देणारे तज्ज्ञ साधारण पाच सेकंद शांत थांबायला सांगतात. या पाच सेकंदांत मूल आपल्याकडे बघत उभे असते आणि काहीच करत नाही असे वाटते, पण आतमध्ये ते वाक्य जुळवत असते. आपण मध्येच पुन्हा बोललो की जुळवाजुळव मोडते आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकच सूचना चढत्या आवाजात पाच वेळा देणाऱ्या वर्गात मुले आणखी एक गोष्ट शिकतात: पहिल्या चार वेळा हलायचे नसते, खरी सूचना पाचवी. हे त्यांना आपणच शिकवलेले असते.

पालकांना मुलांशी वागण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या रेक्स फोरहँड आणि रॉबर्ट मॅकमहन यांनी मोठ्यांच्या सूचनांची दोन गटांत विभागणी केली होती. काय करायचे ते स्पष्ट सांगणाऱ्या आणि करायला वाव देणाऱ्या सूचना एका गटात. संदिग्ध, लांबलचक, मध्येच तोडलेल्या किंवा मूल हलायच्या आत मोठ्यानेच उरकून टाकलेल्या सूचना दुसऱ्या गटात. ‘नीट वाग’, ‘शहाण्यासारखे बस’, ‘काय चाललंय तुझं?’, ‘किती वेळा सांगायचं?’ ही सगळी वाक्ये दुसऱ्या गटातली. त्यांतून काय करायचे तेच मुलाला कळत नाही. ‘आपण आता बसू या का?’ हा तर प्रश्न आहे. त्यावर मूल मनापासून ‘नाही’ म्हणाले तर ते खरे उत्तर देत असते, त्याचा राग येण्याचे कारण नाही. बसायलाच हवे असेल तर ‘आता खाली बसायचे आहे’ असे सांगावे, आणि निवड द्यायची तर आतल्या भागात द्यावी: ‘खिडकीजवळ बसतोस की माझ्याजवळ?’

ऐकल्यानंतर काय बोलतो हेही महत्त्वाचे आहे. ‘छान’, ‘गुड’ हे शब्द इतक्या वेळा उच्चारले जातात, की मुलाला कशाबद्दल ते कळत नाही. ‘मी हाक मारल्यावर तू लगेच खडू खाली ठेवलास’ असे नाव घेऊन सांगितले, तर पुढच्या वेळी काय करायचे ते त्याच्या हाती लागते. आपल्या वर्गांमध्ये दिवसभरात नाव घेऊन सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी बहुतेक चुकांच्याच असतात. जे मूल दहा वेळा ऐकून अकराव्या वेळी चुकते, त्याचे नाव फक्त अकराव्या वेळी उच्चारले जाते.

विश्वासाविषयी आपल्या बैठकांमध्ये कधी बोलणे होत नाही, म्हणून इथे लिहिते. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका मोठ्या माणसाने चित्रकलेसाठी चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना ‘माफ कर, नाहीच आमच्याकडे’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर सर्वांपुढे एक गोड खाऊ ठेवला आणि सांगितले, की थोडा वेळ न खाता थांबलास तर दोन मिळतील. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली, शब्द मोडला गेलेली सुमारे तीन. मुलांची संख्या लहान होती, एकूण २८, म्हणून यावरून फार मोठे दावे करू नयेत. तरी ‘आत्ता बसा, मग बाहेर नेते’ असे सांगून न नेणाऱ्या आपल्या वर्गांना त्यात पुरेसा इशारा आहे. ज्या बाईंचे ‘मग’ कधी उजाडत नाही, त्यांचे ‘आत्ता’ मुलाने का पाळावे? म्हणून शिक्षिकेला कबूल केलेले पाळता येईल असे वेळापत्रक तिला द्या. तिने बागेत नेण्याचे कबूल केलेला अर्धा तास ऐन वेळी तालमीसाठी किंवा पाहुण्यांसाठी कापला जातो, तेव्हा मोडलेल्या शब्दाची किंमत तिला दुसऱ्या दिवशी वर्गात मोजावी लागते.

पाहुण्यांवरून पुढचा मुद्दा येतो, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. पाहणीला येणाऱ्यांना आणि आपल्यापैकी अनेकांनाही, हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवून बसलेला वर्ग पाहून समाधान वाटते. ती शांतता कशातून आली हे विचारले जात नाही. मारण्याच्या, कोंडून ठेवण्याच्या, सर्वांसमोर लाज काढण्याच्या, ‘आईला सांगते, ती तुला न्यायला येणारच नाही’ अशा धमकीच्या भीतीतूनही तेवढीच शांतता मिळते. कोहान्स्कांनी मुलांच्या ऐकण्याचे दोन प्रकार वेगळे केले होते. एकात मूल मनापासून, आपले काम समजून करते आणि मोठे माणूस खोलीतून गेले तरी करत राहते. दुसऱ्यात मोठ्यांची नजर आणि आठवण असेपर्यंतच करते. पहिला प्रकार मोठ्यांशी असलेल्या आपुलकीच्या, परस्परांच्या प्रतिसादाच्या नात्यात वाढतो, असे त्यांच्या अनेक वर्षांच्या कामातून दिसत गेले. भीतीने बसवलेला वर्ग बाई दाराबाहेर गेल्याबरोबर उधळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आणि भीतीने ऐकण्याची सवय लावलेले मूल सुरक्षित नसते. कोणताही मोठा माणूस सांगेल ते निमूट करायचे, उलट विचारायचे नाही, नकोसे वाटले तरी सहन करायचे, हा धडा आपण रोज गिरवून घेत असू, तर उद्या एखाद्या मोठ्या माणसाने त्याच्या अंगाला नको तसा हात लावला आणि ‘कोणाला सांगायचे नाही’ अशी सूचना दिली, तर तेही ते पाळेल. तीन वर्षांच्या मुलाला ‘का?’ विचारता आले पाहिजे, आणि काही बाबतींत ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. ‘रस्त्यावर हात सोडायचा नाही’ यावर वाटाघाट होणार नाही. पण ‘मला मिठी नको’ हे त्याचे म्हणणे मोठ्यांनी ऐकायचे असते. आपण त्याचे ऐकले नाही, तर ऐकणे कसे असते हे त्याला दुसरीकडे कुठे दिसणार?

स्वतःला आवरण्याची क्षमता सरावाने वाढते, आणि या वयातला सराव म्हणजे खेळ. गाणे सुरू असताना नाचायचे आणि थांबले की जागच्या जागी थिजायचे. ढोल हळू वाजला की हळू चालायचे, मग नियम उलटा करायचा. ‘डोक्याला हात लावा’ म्हटले की पायाला लावायचा. शॉना टॉमिनी आणि मेगन मॅक्लेलंड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवर्गातील मुलांबरोबर असेच खेळ आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास घेतले होते. ज्या मुलांना सुरुवातीला स्वतःला आवरणे सर्वांत अवघड जात होते, त्यांच्यात फरक दिसला. नेमक्या याच मुलांना आपण शिक्षा म्हणून खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवतो. ही पद्धत आपल्या सूचनापत्रकातून तातडीने बंद करावी.

याच संदर्भात पुटपुटण्याविषयी. चार-पाच वर्षांचे मूल काम करताना स्वतःशीच बोलते: ‘आधी हा, मग तो, नाही नाही, इकडे.’ सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्कींनी १९३०च्या दशकातच मांडले होते, की मोठ्यांकडून ऐकलेली सूचना मूल अशी स्वतःला देऊ लागते आणि पुढे हेच बोलणे आत जाऊन विचार होते. आपण वर्गात ‘बडबड बंद’ म्हणून हे बोलणे थांबवतो. त्याला वाव द्या.

हे सगळे करूनही काही मुलांना सूचना समजणे अवघड जाईल. भाषा शिकण्यातच मूलभूत अडचण असणारी मुले साधारण सात टक्के असतात, म्हणजे तीसच्या वर्गात दोन. ती बोलकी, हसरी असू शकतात, म्हणून ओळखू येत नाहीत. ज्यांच्या घरची भाषा वर्गातल्या भाषेहून वेगळी आहे, त्यांना आपली वाक्ये कळायला काही महिने लागतात, आणि तो काळ खुणा, चित्रे आणि करून दाखवणे यांच्या आधारे काढावा लागतो. अडीच-तीन वर्षांचे मूल शांत जागी, जवळून, एकट्याला सांगितलेली एका टप्प्याची साधी सूचनाही खुणेशिवाय समजू शकत नसेल, किंवा आधी जे समजत होते ते समजेनासे झाले असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे आणि भाषा-वाचा तज्ज्ञांकडे पाठवणे आपले कर्तव्य आहे. निदान शिक्षिकेने करू नये. ‘हा अतिचंचल आहे’ असे ठरवून टाकणे ‘ऐकत नाही’ इतकेच घातक आहे.

शिक्षिकांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे पत्र अन्यायाचे होईल. जवळ जा, खाली वाका, एकेकाला सांगा, पाच सेकंद थांबा, हे सगळे पस्तीस-चाळीस मुलांसह एकट्या बाईला शक्य नाही. दिवसभर आवाज चढवून तिचा घसा बसतो, आणि संध्याकाळी वर्ग शांत नव्हता म्हणून तिलाच बोलावणे येते. तिला मदतनीस द्या. दोन उपक्रमांच्या मध्ये दहा मिनिटांची मोकळी जागा द्या, कारण सर्वांत जास्त ओरडणे याच बदलांच्या वेळी होते. तिच्या वर्गात येऊन बसा आणि एका तासात किती सूचना दिल्या जातात, त्यातल्या किती मुलाला करता येण्याजोग्या असतात, हे तिच्याबरोबर मोजा. तिला धारेवर धरण्यासाठी हे करू नका, दोघांनी मिळून त्या कमी करण्यासाठी करा.

प्रगतिपत्रकात ‘सूचना पाळत नाही’च्या जागी मला असे काही वाचायला आवडेल: ‘जवळ जाऊन, एका वेळी एक गोष्ट सांगितली तर करतो. दोन गोष्टी असल्या तर चित्राची मदत लागते. आवरायला कोणी सोबत असले तर शेवटपर्यंत थांबतो.’ हे वाचून पालकांना घरी काय करायचे ते कळते, आणि पुढच्या वर्षीच्या बाईंनाही. यासाठी रकाना मोठा करावा लागेल, आणि शिक्षिकेला प्रत्येक मुलाकडे सावकाश पाहायला वेळ द्यावा लागेल. नवीन प्रगतिपत्रके छापायला जाण्याआधी एक बैठक फक्त या विषयावर घ्या, तिला बालवर्गाच्या सर्व शिक्षिकांना आणि मदतनिसांना बोलवा, आणि नव्या रकान्याचे शब्द त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

आपली,
बालवर्गाची एक शिक्षिका